गुड फ्रायडेचा गोड पाव

बाजारांत कैऱ्यांचे ढीग दिसूं लागले आणि दुपारचें ऊन अंगावर येऊं लागलें, कीं ख्रिस्ती कुटुंबांतील चाळीस दिवसांचा उपवासकाल सरत आलेला असतो. त्याच्या अखेरच्या शुक्रवारीं, म्हणजे गुड फ्रायडेला, मुंबईच्या वांद्रें, माहीम, भायखळा या भागांतील बेकऱ्यांत एक लहानसा गोल पाव विक्रीस येतो. रंग तांबूस, पोटांत बेदाणे, वास दालचिनीचा आणि माथ्यावर मैद्याच्या पांढऱ्या लेपानें काढलेला क्रूस. एरवीं त्याची कोणी फारशी आठवण काढीत नाहीं. त्या दिवशीं मात्र तो ताटांत नसेल, तर कांहींतरी राहून गेल्यासारखें वाटतें.

या पावाचा एक थोरला, काळासांवळा भाऊ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, जमैका बेटांत राहतो. त्याला तेथें नुसतें ‘बन’ म्हणतात. तो गोल नसून लांबट विटेच्या आकाराचा असतो, त्यावर क्रूस नसतो, आणि त्याचा रंग उसाच्या मळीमुळें जवळजवळ काळा असतो. जाड काप करून, मध्यें तितकाच जाड चीजचा तुकडा घालून तो खाण्याची तेथें रीत आहे. ईस्टरच्या आठवड्यांत जमैकांतील गरीब-श्रीमंत कोणतेंही घर या जोडीवांचून राहत नाहीं. हाच बन वाशीच्या एखाद्या सदनिकेंत, विजेच्या लहान भट्टींत कसा भाजतां येईल, हा या भाषणाचा विषय आहे. विषय दूरचा वाटेल. परंतु त्या पावांतील एकेका जिन्नसाचें मूळ शोधूं लागलें, तर तो इतका दूरचा राहत नाहीं.

इंग्लंडांत मसालेदार गोड पावाला पूर्वींपासून एक प्रकारचें पावित्र्य चिकटलेलें होतें. इतकें, कीं इ. स. १५९२ मध्यें लंडनच्या बाजार-अधिकाऱ्यानें गुड फ्रायडे, नाताळ आणि प्रेतसंस्कार एवढे प्रसंग सोडून असा पाव विकण्यास मनाई केली. पुढें १६५५ त इंग्रजांनीं स्पॅनिश लोकांपासून जमैका जिंकून घेतली, आणि त्यांच्याबरोबर हा शुक्रवारचा पावही तेथें गेला. बेटावर उसाचे मळे होते. मळ्यांवर राबणारे आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम होते. तयार झालेली साखर जहाजें भरभरून युरोपाकडे जाई. मागें उरे ती मळी, रम गाळण्यास आणि गरिबांची गोडाची हौस भागविण्यास. पांढरा पाव काळा झाला तो या मळीनें. आज त्याच्या काळेपणाचें कौतुक होतें, पण तो रंग आवडीनिवडीनें आलेला नव्हता, हें ध्यानांत ठेवणें बरें.

आणि येथेंच हिंदुस्थानचा धागा लागतो. ऊस कोलंबसानें आपल्या दुसऱ्या सफरींत, १४९३ सालीं, त्या बेटांकडे नेला. परंतु उसाच्या रसापासून खडे पाडण्याची विद्या त्याच्या कितीतरी आधीं हिंदुस्थानांत सिद्ध झाली होती. इंग्रजींतला ‘शुगर’ हा शब्द आपल्या ‘शर्करे’चाच आणि ‘कँडी’ हा ‘खंडे’चा वंशज होय. १८३८ त गुलामगिरी पुरती संपली, मळेवाल्यांना हात कमी पडूं लागले, आणि १० मे १८४५ रोजीं हिंदी मजुरांना घेऊन पहिलें जहाज जमैकेच्या किनाऱ्यास लागलें. १९१७ पर्यंत ही गिरमिटाची वाहतूक चालू राहिली. तेवढ्या अवधींत छत्तीस हजारांहून अधिक माणसें तेथें गेलीं. तीं बहुतेक बिहार आणि अयोध्या प्रांताकडचीं. मराठी माणसें त्यांत फारशीं नव्हतीं. ज्या उसाच्या फडांत त्यांनीं घाम गाळला, त्याच उसाची मळी या पावांत आहे. हल्लीं जमैकेंत दहा मे हा दिवस हिंदी वारशाचा दिवस म्हणून पाळला जातो.

आतां वाशीकडे वळूं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस आगरी-कोळ्यांच्या गांवांभोंवतीं नवें शहर आंखलें गेलें. पुढें खाडीवर पूल झाले, १९९२ सालीं लोकल गाडी आली, आणि चहूंकडचीं कुटुंबें येथें राहावयास आलीं. त्यांत गोव्याचीं, वसईचीं, मंगळूरचीं, केरळचीं ख्रिस्ती कुटुंबेंही आलीं. प्रत्येकाच्या सणाचा गोड पदार्थ निराळा, पण दाराबाहेरचा बाजार मात्र एकच. मशीद बंदराच्या गल्ल्यांतला घाऊक मसाल्याचा आणि सुक्या मेव्याचा व्यापार उठून वाशी-तुर्भ्याच्या बाजार-आवारांत आला असल्यामुळें, ज्या वस्तूंसाठीं एके काळीं युरोपांतील राजांनीं आरमारें हांकारलीं, त्या येथें रिक्षाच्या अंतरावर मिळतात. त्यांच्या बाबतींत दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत.

पहिली मळीची. साखर कारखान्यांतून निघणारी मळी मद्यार्कासाठीं आणि गुरांच्या खाद्यासाठीं जाते. ती स्वयंपाकघरांत आणण्याची नव्हे. तिच्या जागीं काकवी घ्यावी. कोल्हापूर-सांगलीकडच्या गुऱ्हाळांत रस आटून गूळ होण्याच्या जरा आधीं जी पातळ सोनेरी-तांबडी काकवी काढून ठेवतात, तीच. हिच्यांतून साखर काढून घेतलेली नसते, म्हणून ती मळीपेक्षां गोड आणि रंगानें फिकी. तो रंग गडद करण्याचा उपाय जमैकेंतल्या बायकांना आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतल्या आजींना सारखाच ठाऊक आहे. दोन मोठे चमचे साखर कोरड्या पातेल्यांत वितळवून ती काळसर तपकिरी होऊन धुराचा वास येईपर्यंत जाळावयाची, आणि मग हात लांब ठेवून तिच्यांत तीन चमचे कढत पाणी ओतावयाचें. हात लांब ठेवावा असें मुद्दाम म्हटलें आहे, कारण ती उसळते आणि तिचा चटका तेलाच्या चटक्याहून वाईट असतो. नाताळच्या केकला काळा रंग येतो तो याच जळक्या साखरेनें.

दुसरी गोष्ट ऑलस्पाइसची. हें झाड मूळ जमैका आणि आसपासच्या मुलखांतलें. त्याच्या फळांत लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा वास एकवटलेला असतो, म्हणून इंग्रजांनीं त्याला ‘सगळे मसाले’ अशा अर्थाचें नांव दिलें. आपल्या बाजारांत ‘कबाबचिनी’ म्हणून मागितलें, तर कधीं हें फळ मिळतें आणि कधीं कंकोळ. कंकोळाच्या दाण्याला बारीक शेपटीसारखा देंठ असतो. ऑलस्पाइसला तो नसतो. शंका वाटल्यास तें अजिबात घेऊं नये आणि लवंग व जायफळ किंचित् वाढवावें. दालचिनीही पारखून घ्यावी. जाड सालीची, तिखट वासाची जी साधारण विकली जाते, ती बहुधा तिची चुलत बहीण असते. सिंहलद्वीपाची खरी दालचिनी कागदासारख्या पातळ पदरांची गुंडाळी असते. या पावाला दोन्ही चालतात. बेदाण्यांविषयीं सांगलीच्या शेजाऱ्यांना शिकविण्यासारखें कांहीं नाहीं. फक्त येथें सोनेरी बेदाण्यापेक्षां काळ्या मनुका बऱ्या.

सामान तर जमलें. मग अडचण कोठें येते? ती खमिराशीं येते. घरीं गोड पाव करूं पाहणाऱ्या शंभरांतील बहुतेकांची फसगत याच ठिकाणीं होते, आणि दोनशे-अडीचशे ग्रॅम सुका मेवा घातलेला गोळा दगड होऊन बसला, म्हणजे पैशापरी पैसा जातो आणि सणही हातचा जातो. शुक्रवार कोणासाठीं थांबत नाहीं.

पूर्वीं पश्चिम किनाऱ्यावर हें काम माडी करीत असे. पोर्तुगीजांनीं गोव्यांत पाव आणला, ‘पाव’ हा शब्दही त्यांचाच. पण युरोपांतलें खमीर येथें सहज मिळेना, म्हणून माडाची ताजी माडी, जिला गोव्यांत ‘सूर’ म्हणतात, ती पिठांत घालूं लागले. गोव्याच्या लग्नांत वधूबरोबर सासरीं पाठवावयाचा ‘बोल’, म्हणजे गूळ-खोबऱ्याचा घट्ट गोड पाव, जुन्या रीतीनें याच सुरेवर फुगे. मुंबई, ठाणें, वसई या भागांतील मूळचे मराठीभाषी ख्रिस्ती, ज्यांनीं १८८७ सालीं स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें, त्यांचे फुगे हे नारळाच्या दुधांतले तळलेले गोळेही माडीनेंच फुगत. माडींत जिवंत खमीर असतें, तशींच आंबट चव देणारीं सूक्ष्म जंतुकुळेंही असतात; म्हणून त्या पावाला जी चव होती, ती आजच्या पाकिटांतल्या यीस्टला येत नाहीं, ही वृद्धांची तक्रार खोटी म्हणतां येणार नाहीं. पण वाशीच्या नवव्या मजल्यावर पहाटे ताजी माडी कोण आणून देणार? पाकिटावरच भिस्त ठेवली पाहिजे, आणि त्याचा स्वभाव ओळखला पाहिजे.

भट्टीचीही तीच गत झाली आहे. एके काळीं घरोघर भट्टी नव्हती आणि तिची उणीवही भासत नसे. दिवाळीच्या आधीं डोंबिवली-गिरगांवच्या बायका नानकटाईचें पीठ डब्यांत घालून जवळच्या बेकरींत नेत, पत्र्यांवर मांडून भाजून आणीत, आणि रांगेंत उभ्या राहून एकमेकींच्या डब्यांत डोकावून पाहत. ख्रिस्ती घरांचे केकही तसेच भाजले जात. विटांची ती मोठी भट्टी एकदां तापली, कीं तासन् तास उष्णता धरून ठेवी. आतां अशा भट्ट्या झपाट्यानें कमी होत आहेत. २०२५ च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसरें इंधन वापरण्यास सांगितलें. धुरानें खोकणाऱ्या शहरास हें हवेंच होतें. पण घरच्या पावाचें सारें ओझें आतां ओट्यावरच्या त्या लहानशा विजेच्या पेटीवर येऊन पडलें आहे, आणि ती पेटी दार उघडतांच आपली निम्मी ऊब टाकून देते.

खमीर हा जीव आहे, हें लुई पाश्चर यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिलें. तो पिठांतली साखर खातो आणि वायु सोडतो. त्या वायूनें पीठ फुगतें. साखर हें त्याचें अन्न, तर मग गोड पाव अधिक लवकर फुगावयास हवा, असें कोणालाही वाटेल. घडतें उलट. साखर फार झाली, म्हणजे ती खमिराच्या पेशींतलें पाणी बाहेर ओढून घेते, जसें लोणच्यांतलें मीठ कैरीच्या फोडींतलें ओढतें, आणि तो जीव सुस्तावतो. त्यांत दालचिनीचें तेल खमिराला मानवत नाहीं. लोण्यानें पिठाचे धागे निसरडे होतात. सुके बेदाणे पिठांतलें पाणी पिऊन बसतात. म्हणजे सणाचा पाव चविष्ट करणारी एकूणएक गोष्ट त्याच्या फुगण्याच्या आड येते! म्हणूनच खमीर आधीं साध्या पिठावर पोसावें आणि तें जोरांत आल्यावर मगच त्याच्यावर हा बोजा टाकावा. अनारशांसाठीं तीन दिवस तांदूळ भिजत घालणाऱ्या घरांना थांबण्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

दुसरा शत्रू म्हणजे वाशीची हवा. ईस्टर २२ मार्च आणि २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हां तरी येतो. त्या दिवसांत दुपारीं पारा तेहतीस-चौतीस अंशांवर असतो, खाडीची दमट हवा वेगळीच, आणि गॅसजवळ तर विचारूंच नये. खमिराला पंचवीस-अठ्ठावीस अंशांची ऊब सुखाची असते. इंग्रजी पुस्तकें थंड देशांत लिहिलेलीं असल्यामुळें तीं कोमट दूध घ्यावयास आणि पीठ उबदार कोपऱ्यांत ठेवावयास सांगतात. तें शब्दशः पाळलें, तर येथें पीठ घाईनें फुगतें, आंबटतें, आणि भट्टींत जातांच खचतें. यावर उपाय पहाटेचा. गुरुवारीं साडेपांचला उठून काम धरलें, तर दुपार तापण्यापूर्वीं पाव भाजून निघतो आणि शुक्रवारपर्यंत मुरतोही.

दोन मध्यम पावांना पांचशे ग्रॅम मैदा लागेल. पैकीं निम्मा मैदा, उकळून पूर्ण गार केलेलें पावणेदोनशे मिलिलिटर दूध, सात ग्रॅम कोरडें यीस्ट आणि एक लहान चमचा साखर एकत्र कालवून पाऊण तास झांकून ठेवावें. दूध उकळलेलें असावें, कारण कच्च्या दुधांतील कांहीं द्रव्यें पावाचा पोत सैल करतात. आपल्याकडे कच्चें दूध कोणी ठेवीतच नाहीं, तेव्हां हें काम आयतेंच झालेलें असतें. दरम्यान दीडशे ग्रॅम काळ्या मनुका, पन्नास ग्रॅम साखरेंत मुरविलेल्या संत्र्याच्या साली आणि पन्नास ग्रॅम लाल चेरी कडक काळ्या चहांत अर्धा तास भिजवून नीट निथळून घ्याव्या. जमैकेंत यासाठीं कडवट काळी बिअर वापरतात. चहा तें काम बऱ्यापैकीं करतो आणि घरांतल्या कोणाची हरकतही येत नाहीं.

पाऊण तासांत कालवण जाळीदार होऊन वर येईल. तें तसें आलें नाहीं, तर यीस्ट मेलेलें आहे असें समजावें आणि पुढचा एकही जिन्नस त्यांत घालूं नये. गेलें तें पाव किलो मैद्याचें नुकसान, मेवा तरी वांचला. चांगलें आलें असेल, तर त्यांत उरलेला मैदा, शंभर ग्रॅम काकवी, पन्नास ग्रॅम किसलेला गूळ, जळक्या साखरेचें पाणी, एक लहान चमचा मीठ, एक अंडें आणि मसाला घालावा. मसाला म्हणजे दालचिनीची पूड एक लहान चमचा, जायफळ व सुंठ अर्धा अर्धा, लवंग पाव. अंडें न खाणाऱ्यांनीं तीन मोठे चमचे घट्ट दहीं घालावें. पाव थोडा दडस होतो, पण बिघडत नाहीं. दहा मिनिटें मळून झाल्यावर साठ ग्रॅम मऊ लोणी थोडें थोडें मुरवीत आणखी पांच मिनिटें मळावें, आणि सर्वांत शेवटीं मेवा. पीठ हाताला चिकटेल. पोळीच्या कणकेची संवय असलेल्या हाताला तें खपत नाहीं आणि तो वर आणखी मैदा भुरभुरूं लागतो. तेवढें करूं नये. हाताला तेल लावावें. चिकट पिठाचा पाव मऊ होतो. आटोपशीर गोळ्याचा पाव दुसऱ्या दिवशीं लाकूड होतो.

आतां पीठ झांकून घराच्या सर्वांत थंड कोपऱ्यांत ठेवावें. दीड ते दोन तासांत तें दुप्पट नसलें, तरी दिडीहून अधिक होईल. घड्याळापेक्षां बोटावर विश्वास ठेवावा. बोटानें हलकेंच दाबलें असतां खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला, तर वेळ झाली. झटकन् भरला, तर अजून थांबावें. मग दोन भाग करून, हलक्या हातानें वळकटी करून, लोणी लावलेल्या दोन लांबट डब्यांत घालावें. वर डोकावणारा बेदाणा आंत ढकलावा, नाहीं तर तो जळून कडू होतो. आणखी तासाभरानें पीठ डब्याच्या कांठाशीं आलें, कीं भट्टी पंधरा मिनिटें आधीं तापवून १७० अंशांवर डबे खालच्या फळीवर ठेवावे.

यापुढें मोह एकच, तो दार उघडून पाहण्याचा. वीस मिनिटें तें उघडूं नये. काकवी आणि दूध यांमुळें माथा लवकर काळा पडतो. त्यावरून पाव झाला असें मानणारा कच्चा पाव कापतो. वीस मिनिटांनंतर वर ॲल्युमिनियमचा कागद अलगद ठेवून एकूण चाळीस-पंचेचाळीस मिनिटें भाजावें. पाव डब्यांतून काढून बुडावर टिचकी मारली असतां रिकाम्या मडक्यासारखा पोकळ आवाज आला पाहिजे. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा तापमापक आहे, त्यांनीं त्र्याण्णव अंशांची खूण धरावी. पाव गरम आहे तोंच वरून एक चमचा काकवी एक चमचा पाण्यांत सैल करून ब्रशनें फिरवावी. ती वाळून लाखेसारखी चमकते.

गरम पाव कापण्याची घाई मुलांना होणारच. तरी तो जाळीवर पुरता निवूं द्यावा आणि मेणकागदांत गुंडाळून रात्रभर डब्यांत ठेवावा. दुसऱ्या दिवशीं मसाला पिठांत पसरलेला असतो आणि काप तुटत नाहींत. चीजविषयीं जमैकेची रीत ऐकून येथें नाकें मुरडलीं जातात. पण गोडाबरोबर खारट खाण्यांत आपल्याला नवल वाटावें असें कांहीं नाहीं. पुरणपोळीच्या पानांतही कटाची आमटी असतेच. तेथें टिनांतलें नारिंगी चीज घेतात. येथें घरोघर मिळणाऱ्या डब्यांतलें प्रक्रिया केलेलें चीज त्याच्याच जातीचें आहे. तें पावाच्या कापाइतकेंच जाड कापावें, पापुद्रा काढूं नये. वाशीच्या दमट हवेंत पाव बाहेर तीन दिवसांहून अधिक टिकत नाहीं, चौथ्या दिवशीं बुरशी धरूं लागते. म्हणून दोहोंपैकीं एक शुक्रवारीं सकाळींच शेजारच्या घरीं पाठवावा, आणि उरलेल्याचे काप करून थंड कपाटांत ठेवावे. तव्यावर किंचित् लोण्यावर शेकले, कीं ते ईस्टरच्या सोमवारच्या चहाला चालतात.